भिंत सरळ, आत्या रुंद

आम्हाला आत्याचा फोटो काढायचाच नव्हता. फोटो भिंतीचा काढायचा होता आणि आत्या त्या भिंतीच्या कडेला खुर्ची टाकून बसली होती, इतकाच तिचा त्यात भाग. हे तिला त्या दिवशी पटलं नाही आणि पुढेही पटेल असं वाटत नाही.

भिंत विटांची आहे. सदाशिव पेठेत आत्याच्या वाड्याच्या मागल्या अंगणात ती उभी आहे. गिलावा कधीच गळून गेलेला, विटांच्या ओळी मोजून घ्याव्यात इतक्या उघड्या. ज्याला लेन्स पारखायची आहे त्याला विटांच्या भिंतीहून देखणं जगात काही नसतं. सूर्यास्त, मोर, मुंडावळ्या बांधलेली नवरी हे सगळं ज्यांना नुसते फोटो काढायचे असतात त्यांच्यासाठी. विटांची ओळ मुळात सरळ असते, म्हणून लेन्सने वाकवली की लगेच पकडली जाते. वीट मध्यावर जशी तशीच कोपऱ्यात, म्हणून कुठला कोपरा धुरकट आला ते समजतं. शिवाय वीट हलत नाही, ऐन वेळी डोळे मिटत नाही आणि "मलाही पाठव हं" म्हणत नाही.

हे शहाणपण माझं नव्हे, डॉक्टरांचं. डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, आता निवृत्त. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या जबड्यांत छोटा आरसा घालून पार मागच्या कोपऱ्यातल्या अक्कलदाढा पाहिल्या. त्याचा परिणाम असा झाला की कुठल्याही गोष्टीचा मध्यभाग त्यांना दिसेनासा झाला. फोटो हातात दिला की ते आधी चारही कोपरे बघतात आणि "च्यक्" करतात. मध्ये कोण आहे हे त्यांनी कधी विचारल्याचं मला आठवत नाही. एकदा मी त्यांना आमच्याकडच्या लग्नाचा ग्रुप फोटो दाखवला. बराच वेळ पाहून ते हलक्या आवाजात म्हणाले, "वरचा डावा गेला." तिथे आमचे थोरले काका उभे होते. मी घरी फोन करून खात्री करून घेतली.

डॉक्टरांकडे लायका एम-२ आहे. लेकीकडे जर्मनीला गेले तेव्हा पॅरिस, स्वित्झर्लंड सगळं बाजूला ठेवून हे गृहस्थ फ्रँकफुर्टहून वेट्झलारला गेले. ऑस्कर बार्नाक नावाच्या माणसाने तिथे लाइट्झच्या कारखान्यात सिनेमाच्या फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा बनवला आणि १९१४ साली गावातल्या आयझेनमार्क्ट चौकाचा फोटो काढला. तो कॅमेरा लोकांच्या हाती यायला १९२५ उजाडलं. डॉक्टर त्या चौकात उभे राहिले, त्यांनीही फोटो काढला. चौक कसा आहे म्हणून मी विचारलं. "कोपऱ्यांत जरा उजेड कमी आहे," म्हणाले. चौकाच्या की फोटोच्या, ते मी विचारलं नाही.

रेंजफाइंडर कॅमेरा ज्यांनी हाताळला नाही त्यांना दोन गोष्टी सांगायला हव्यात. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्सला जे दिसतं तेच मधल्या आरशावरून आपल्याला दिसतं. रेंजफाइंडरमध्ये आरसा नाही. वर कोपऱ्यात वेगळी खिडकी असते, आपण त्यातून बघायचं, आणि लेन्स आपल्या परीने खालून बघते. दोघांनी एकच पाहिलं असेल अशी श्रद्धा ठेवायची. खिडकीच्या मधोमध एक छोटा चौकोन असतो, त्यात एका आत्याच्या दोन आत्या दिसतात. लेन्सचं कडं फिरवत दोन आत्या एकमेकींत मिसळल्या की फोकस झाला. लेन्सवरचं झाकण काढायचं राहिलं तरी खिडकीतलं जग लखलखीतच दिसत राहतं, आत्याही व्यवस्थित एक होते. मात्र हे नवशिक्यांना सांगायचं, डॉक्टरांना नाही. त्यांच्या शब्दांत, "कवळी घालायला विसरेन, झाकण काढायला विसरणार नाही."

दुसरी गोष्ट वाइड लेन्सची. आरसा नाही म्हटल्यावर त्याला वरखाली व्हायला जागा सोडायचं कारण नाही. एसएलआरची वाइड लेन्स आरशाला वाट देण्यासाठी लांब उभी राहते, आणि तेवढ्यासाठी तिची रचना उलट्या दुर्बिणीसारखी करावी लागते. रेंजफाइंडरची लेन्स थेट आत शिरते, फिल्मच्या कानाशी लागते. पुढून जशी तशीच मागून, अशी जवळजवळ सममित रचना करता येते, आणि सममित लेन्सच्या पुढच्या अर्ध्याने केलेली वाकडी रेघ मागचा अर्धा सरळ करून टाकतो. म्हणून रेंजफाइंडरच्या वाइड लेन्समधून भिंत ओळंब्याने बांधल्यासारखी येते. भिंतीचं असं कौतुक होत असताना कडेला बसलेल्या माणसाचं काय होतं, तो या लेखाचा विषय आहे.

आमच्याकडे चार लेन्स होत्या. तीन डॉक्टरांच्या, एक माझी.

माझी ज्युपिटर-१२. रशियन. ३५ मिलिमीटर, एफ २.८. मुंबईच्या चोरबाजारात महिन्याच्या किराण्याच्या भावात मिळाली. हिचं कुळ मात्र मोठं आहे. लुडविग बेर्टेले या नामांकित रचनाकाराने युद्धाआधी झाइससाठी काँटॅक्स कॅमेऱ्याची बायोगॉन नावाची लेन्स बनवली, तिची ही वंशज. जर्मनी युद्ध हरल्यावर काँटॅक्सची यंत्रं नुकसानभरपाई म्हणून सोव्हिएतांनी उचलून कीव्हला नेली आणि तिथे तोच कॅमेरा कीव्ह या नावाने निघू लागला. इकडे जर्मनीत उरलेल्या मंडळींनी नवा काँटॅक्स बनवला. त्यात जुनी बायोगॉन बसेना! मागचं भिंग इतकं बाहेर आलेलं की ते आत अडायला लागलं. सोव्हिएत कीव्हमध्ये मात्र ती निमूट बसते. माहेरी जागा नाही, सासरी हक्काची खोली, असली ही बाई. ज्युपिटरचंही मागलं भिंग तसंच, खोबणीतून आलेल्या डोळ्यासारखं. त्याला साधं झाकण चालत नाही, खोल लागतं. माझं हरवल्यामुळे मी बायकोची हळदीकुंकवाची जुनी डबी वापरतो. या लेन्सने काढलेल्या फोटोंत जो एक उबदारपणा आहे त्याचं श्रेय काही अंशी हळदीला असावं. अपर्चरचं कडं लेन्सच्या तोंडाच्या आत आहे, बोट घालून फिरवावं लागतं. डॉक्टरांना ते लगेच जमलं.

डॉक्टरांची पहिली लेन्स १५ मिलिमीटरची हेलियार. नाव फोक्टलेंडर, म्हणजे १७५६ साली व्हिएन्नात सुरू झालेल्या पेढीचं. बनवणारी कंपनी जपानची कोसिना, साल १९९९. "अस्सल पुणेरी" चिवडा भलत्याच गावात तळलेला असतो, त्यातला प्रकार. पण तळलेला छान. हिला रेंजफाइंडरची जोडणीच नाही, अंतर अंदाजाने लावायचं. एफ ८ ठेवून एक मीटरवर फोकस केला की अर्ध्या मीटरपासून चंद्रापर्यंत सगळं स्वच्छ, त्यामुळे अंदाज चुकवायला प्रतिभा लागते. दुसरी २१ ची सुपर-अँग्युलॉन, एफ ३.४, लाइट्झसाठी श्नायडरने बनवलेली. ही कॅमेऱ्यात एवढी खोल उतरते की पुढे लायकाने एम-५ च्या पोटात फिल्मसमोर झुलणारा प्रकाशमापकाचा दांडा बसवला तेव्हा हिच्यासारख्यांना तिथे मज्जाव करावा लागला. एम-२ मध्ये प्रकाशमापकच नाही. डॉक्टर उजेड डोळ्यांनी मोजतात आणि चुकला तर ढगांना दोष देतात.

आणि तिसरी, पेटीत मखमलीवर ठेवलेली, सुमिक्रॉन. ३५ मिलिमीटर, एफ २, सात भिंगांची, १९७९ पासून निघालेली आवृत्ती.

या लाइट्झवाल्यांच्या नावांबद्दल दोन शब्द. सुमिक्रॉन, सुमिलक्स, एल्मारिट, नॉक्टिलक्स. मी पहिल्यांदा ती डॉक्टरांच्या तोंडून ऐकली तेव्हा त्यांना काय होतंय याची मला काळजी वाटली. सुमिक्रॉन सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर, एल्मारिट उपाशीपोटी, आणि नॉक्टिलक्स झोप येत नसेल तरच. खरं तर नाव अपर्चरवरून ठरतं, एफ २ असेल तर सुमिक्रॉन, २.८ असेल तर एल्मारिट. मात्र किंमत विचारली की औषधाचा समज पक्का होतो.

तर ही सुमिक्रॉन जगभरच्या लायकाभक्तांत "बोकेचा राजा" म्हणून ओळखली जाते. बोके हा जपानी शब्द. फोकसबाहेरचा भाग कसा विरघळतो त्याचं ते नाव. डॉक्टर हे आत्याच्या अंगणात भक्तिभावाने सांगत होते.

"बोक्यांचा राजा?" आत्याने विचारलं.

"हो, आत्याबाई. जगात मान्यता आहे."

"माळ्यावर दोन आहेत. जाताना न्या."

भिंतीच्या परीक्षेत बोकेचा काही संबंध नसतो हे मी डॉक्टरांना नम्रपणे सुचवून पाहिलं होतं. भिंत सपाट, सगळीच फोकसमध्ये, विरघळायला मागे काही नाहीच. ते म्हणाले, "आधी कोपरे. बाकीचं चारित्र्य मग."

मुळात आम्ही आत्याकडे आलो तेही नाइलाजाने. डॉक्टरांच्या मनात शनिवारवाडा होता. त्याच्या तटाचा खालचा भाग दगडी आणि वरचा विटांचा, एकाच फोटोत दोन परीक्षा. पण तिथे ट्रायपॉड लावायचा तर परवानगी लागते, आणि अर्जात "छायाचित्रणाचा हेतू" लिहावा लागेल या विचाराने डॉक्टर थबकले. तटाचा फोटो हवा, पण त्यातले फक्त चार कोपरे हवेत, हे सरकारी भाषेत कसं लिहायचं?

बेत असा होता. छत्तीस फोटोंचा कृष्णधवल रोल. चार लेन्स, प्रत्येकीला नऊ फोटो. पूर्ण उघडं अपर्चर, मग ५.६, मग ११, आणि प्रत्येक तीनदा, कारण डॉक्टरांचा एकदाच काढलेल्या एक्स-रेवर विश्वास नाही. भिंतीची पाच मीटर रुंदी चौकटीत बरोबर बसली पाहिजे, म्हणजे ३५ च्या लेन्सला कॅमेरा जवळजवळ पाच मीटर लांब, २१ ला तीन मीटरच्या आत, १५ ला अवघ्या दोन मीटरवर. मध्ये तुळशीवृंदावन येत होतं. ते हलवण्याचा विषय मी काढला नाही, डॉक्टरांनी काढला आणि लगेच मागे घेतला. उजव्या कडेला आत्या. तीही हलणार नव्हती. "माझी उन्हाची जागा आहे," एवढं एक वाक्य. डॉक्टर मात्र खूश झाले. कडेला काहीतरी गोल हवंच होतं म्हणाले.

आत्याने ते ऐकलं.

पहिली ज्युपिटर. डॉक्टर खिडकीतून बघायला वाकले. रेंजफाइंडरची आणखी एक खोड अशी की लेन्सवर सनशेड लावली की खिडकीचा खालचा उजवा कोपरा तिच्यामागे जातो. म्हणजे नेमकी आत्या.

"आत्याबाई, तुम्ही आहात का?" डॉक्टरांनी कॅमेऱ्यातून डोळा न काढता विचारलं.

"आहे अजून," आत्या म्हणाली.

नंतर हेलियार आली तेव्हा कॅमेरा वृंदावनापाशी जाऊन टेकला. वाइड लेन्स चौकटीत पुष्कळ काही सामावून घेते एवढंच लोकांना ठाऊक असतं. ते मावताना कोण मोठं होतं आणि कोण लहान, हे तिच्या जवळिकीवर अवलंबून असतं. पाच मीटरवरून जी तुळस भिंतीपुढे बेताची दिसत होती, ती दोन मीटरवरून अंगावर आली. १५ च्या लेन्ससमोर सगळं येतं, काही वेळा फोटो काढणाराही. झाइसने १९६९ साली होलोगॉन नावाचा १५ मिलिमीटरचाच एक खास कॅमेरा काढला होता. त्याला धरायला वेगळी मूठ द्यावी लागली, नाहीतर मालकाची बोटंच फोटोत यायची. आमच्या नऊ फोटोंपैकी चारांत ट्रायपॉडचा पाय आला आणि एकात डॉक्टरांचं बोट, अंगठीसकट, कोपऱ्यात. तो कोपरा मात्र सुरेख आला असं त्यांचं मत पडलं.

आता गणित. मीही टाळणार होतो, पण आत्याची बदनामी गणितावाचून खोडता येत नाही.

लेन्सने सरळ रेघा सरळ ठेवायच्या असं ठरवलं की त्याची किंमत कडेच्या गोल वस्तू भरतात. मध्यापासून जितका कोन मोठा, तितकं डोकं बाजूला ताणलं जातं. ही लेन्सची चूक नव्हे. कितीही महाग लेन्स घ्या, सपाट फिल्मवर हे होणारच. ३५ च्या अगदी कडेला चेहरा १२ टक्के रुंद होतो, तो कुणी मनावर घेत नाही. २१ च्या कडेला ३२ टक्के. १५ च्या कडेला ५६ टक्के. उलट माणसांची डोकी गोलच हवीत तर फिशआय लेन्स मिळते, पण तिच्यातून भिंत पोट आल्यासारखी फुगते. तुम्हाला भिंत सरळ हवी की आत्या बेताची, एवढाच प्रश्न आहे, आणि दोन्ही हवं म्हणणाऱ्याला भूमिती दारात उभी करत नाही.

एवढ्यावर थांबत नाही. कोपऱ्यात प्रकाशही कमी पोहोचतो. शाळेत कोसाइन शिकवताना मी मास्तरांना याचा व्यवहारात उपयोग काय म्हणून विचारलं होतं आणि त्यांनी मला वर्गाबाहेर उभं केलं होतं. उत्तर मला आत्याच्या अंगणात मिळालं. कोसाइनचा चौथा घात घ्यायचा. ३५ च्या कोपऱ्यात मध्याच्या निम्मा प्रकाश, २१ च्या कोपऱ्यात पाव हिश्शाहून थोडा कमी, १५ च्या कोपऱ्यात दहाव्या हिश्शाच्या आसपास. रचनाकार युक्त्या करून थोडाफार परत मिळवतात, पण सममित लेन्सना हा कर फारसा चुकत नाही. होलोगॉनबरोबर तर मध्यावर काळसर, कडेला निवळत जाणारा फिल्टर यायचा. कोपरे उजळवता येत नाहीत म्हणून मध्यभागालाच अंधारात ओढायचं. समतेचा हा मार्ग आपल्याकडे अनेक ठिकाणी पाहायला मिळतो.

मी हे सगळं आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मला जाड करून वर अंधारात बसवलंस."

फिल्मचं इतक्यावर भागतं, कारण फिल्म प्रकाश तिरपा आला तरी मुकाट्याने घेते. डिजिटल सेन्सरला तिरपा प्रकाश सोसत नाही. लायकाने २००६ साली पहिला डिजिटल एम, म्हणजे एम-८, आणला त्याची कथा डॉक्टर "दुखणं आणि उपाय" या सदरात सांगतात. त्या सेन्सरला इन्फ्रारेड जरा जास्तच दिसायचं, त्यामुळे काळं सिंथेटिक कापड जांभळं येई. शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात तो कॅमेरा नेला असता तर बाररूमऐवजी वांग्यांचा लिलाव दिसला असता. कंपनीने गिऱ्हाइकांना दोन-दोन फिल्टर फुकट वाटले. फिल्टर लावला की काळं काळं येई, पण वाइड लेन्सचे कोपरे निळसर-हिरवे पडत. मग लेन्सच्या मागच्या कड्यावर सहा ठिपक्यांचा संकेत कोरायचा, तो वाचून कॅमेरा कोपऱ्यांचा रंग पुसून काढतो. एका गोळीने पित्त, पित्तावर दुसरी गोळी. २००९ मध्ये पूर्ण आकाराच्या सेन्सरचा एम-९ आला आणि काही वाइड लेन्सनी एक कड लालसर, दुसरी हिरवट करायला घेतली. आमच्या हेलियारच्या पहिल्या आवृत्तीलाही डिजिटलवर कोपऱ्यांत लाली येते, म्हणून पुढे तिची रचना बदलून नवी आवृत्ती काढावी लागली. डॉक्टर फिल्मवर राहिले याचं हे एक कारण. दुसरं त्यांनी सांगितलेलं नाही, पण मी त्या कॅमेऱ्यांच्या किमती पाहिल्या आहेत.

लेन्सची तुलना करणाऱ्यांची भाषा हा स्वतंत्र विषय आहे. तिचा पहिला नियम असा की दोषाला नाव किमतीवरून द्यायचं. माझी ज्युपिटर पूर्ण उघडली आणि समोर उजेड असला की सगळीकडे दुधाची साय पसरते. डॉक्टर त्याला "काचेवर बुरशी असेल, बघ" म्हणतात. जुनी ३५ ची सुमिलक्स पूर्ण उघडली की तिच्यातही दिव्यांभोवती तशीच साय पसरते. तिला "ग्लो" म्हणतात. कोपरे काळे पडले तर स्वस्त लेन्सला "व्हिनेटिंग", महाग लेन्सला "कोपरे नजरेला आत ओढतात". स्वस्त लेन्स मऊ असते, महाग लेन्सला "व्यक्तिमत्त्व" असतं. मी एकदा ज्युपिटरने काढलेला फोटो सुमिक्रॉनचा म्हणून दाखवला. डॉक्टर पाच मिनिटं त्यातल्या त्रिमितीबद्दल बोलले. खरं सांगितल्यावर आणखी पाच मिनिटं बघून म्हणाले, "तरीच."

गॅरी विनोग्रँड न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर २८ ची लेन्स लावून वर्षानुवर्षं तिरके-बाकडे फोटो काढत हिंडला आणि १९८४ मध्ये गेला तेव्हा त्याचे अडीच हजारांच्या आसपास रोल डेव्हलपही व्हायचे होते. मी हे उदाहरण डॉक्टरांपुढे ठेवलं. हा माणूस कोपऱ्यांकडे ढुंकूनही न बघता मोठा झाला. डॉक्टर विचारात पडले. "अडीच हजार रोल," ते म्हणाले, "चार कोपरे धरले तर एका फोटोला..." आणि हिशेब करू लागले.

तर शेवटची सुमिक्रॉन. ऊन भिंतीवरून वर सरकू लागलं होतं आणि आत्याची चहाची वेळ टळत होती. डॉक्टरांनी पेटी उघडली, फुंकर मारली, धूळ पाहिली, लेन्स बसवली, ट्रायपॉड पुन्हा पाच मीटर मागे नेला. या वेळी सनशेड नव्हती, खिडकीतून आत्या पूर्ण दिसत होती. दोन आत्यांची एक आत्या त्यांनी इतक्या निगुतीने केली की मीसुद्धा श्वास रोखला.

"दोन मिनिटं, आत्याबाई."

"दाढ काढलीत तेव्हाही दोनच म्हणाला होतात."

नऊ फोटो झाले. केबल रिलीजचा प्रत्येक आवाज ऐकताना डॉक्टरांचा चेहरा प्रसन्न होत गेला. मग चहा झाला, चहाबरोबर चकल्या झाल्या, आणि आत्याने डॉक्टरांना चकलीने कुठली दाढ दुखते ते तोंड उघडून दाखवलं.

रोल डॉक्टरांनी घरीच धुतला. दवाखाना बंद केला तरी एक्स-रेची डार्करूम त्यांनी मोडलेली नाही, न्हाणीघराला लागून ती अजून आहे. पट्टी वाळत टांगली होती. पहिले सत्तावीस फोटो ठीक होते. पुढचे नऊ म्हणजे स्वच्छ, पारदर्शक फिल्म. पलीकडचा गीझर दिसत होता. आम्ही दोघांनी पेटीकडे पाहिलं. सुमिक्रॉन मखमलीवर बसली होती, तोंडावर झाकण जसंच्या तसं. मी काही बोललो नाही. डॉक्टरांनी पट्टी दिव्यापुढे धरून, सवयीने, त्या नऊ चौकटींचे चारही कोपरे तपासले.

"प्रकाशाची घट शून्य," बऱ्याच वेळाने ते म्हणाले. "मध्यापासून कोपऱ्यापर्यंत एकसारखं. असा निकाल मी कुठल्याच लेन्सचा पाहिलेला नाही."

शास्त्रात नोंद पूर्ण असली पाहिजे म्हणून त्यांनी चारही लेन्सचा एकेक पोस्टकार्ड साइजचा फोटो छापला, चौथा धरून, आणि आम्ही ते आत्याकडे घेऊन गेलो. तिने आधी ज्युपिटरचा पाहिला. कडेला पूर्ण उघड्या अपर्चरमध्ये विटाही विरघळल्या होत्या आणि आत्याही. "ही कोण?" तिने विचारलं. मग सुपर-अँग्युलॉनचा. त्यातली भिंत इतकी सरळ होती की डॉक्टरांनी पट्टी लावून दाखवली. आत्याचं लक्ष पट्टीवर नव्हतं. अंबाडा आडवा झाला होता आणि खुर्ची कमी पडत होती. हेलियारच्या फोटोकडे तिने फार पाहिलं नाही. डॉक्टरांनी सांगून बघितलं की वाइडचा फोटो योग्य अंतरावरून पाहिला तर ताण दिसतच नाही, १५ चा एवढा प्रिंट नाकापासून सहा-साडेसहा सेंटिमीटरवर धरायचा. आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे. तिने फोटो नाकाला लावला, बाजूला केला आणि म्हणाली, "वास येतोय औषधाचा."

चौथा तिने बराच वेळ हातात ठेवला. या कडेपासून त्या कडेपर्यंत काळाभोर.

"हा कुठल्या लेन्सचा?"

"सुमिक्रॉनचा," मी म्हणालो. डॉक्टर वृंदावनाकडे बघत होते.

"म्हणजे ती बोक्याची? महागातली म्हणत होतात ती?"

"तीच."

"दिसतंच ते," आत्या म्हणाली. "हिच्यात मी मुळीच जाड दिसत नाही."